माळावरची फुली

दस्तगीर,

तुझ्या मयताला मी आलो होतो. खांदा द्यायला पुढं झालो नाही, एवढंच. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभा राहिलो. कामावरून तसाच आलो होतो, अंगावर पोलीस खात्याचे कपडे होते. तुझ्या सासरकडचं कुणीतरी पावणं, मला न ओळखणारं, शेजारच्याला म्हणालं, "मेल्यावर बी पहारा हाय व्हय रं ह्येच्यावर?" शेजारच्यानं मला ओळखलं होतं. त्यानं खाली बघितलं. मीही खाली बघितलं. मग तुम्ही सगळे आत गेलात आणि मी कचेरीला परत गेलो.

त्याला आज सोळा दिवस झाले. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. त्या विमानाचा राग, ते कामाला लावणाऱ्या आमच्या साहेबांचा राग, समोरच्या कागदावरून नजर न उचलता तुला शिक्षा सांगणाऱ्या न्यायाधीशाचा राग. तुझाही राग. माझ्यावर किती आहे ते सांगत नाही, कारण स्वतःवर रागावणं फार सोपं असतं. माणूस स्वतःला शिव्या देतो, हलका होतो आणि जेवून झोपतो. मी दीड वर्ष तेच केलं. आता जे घडलं ते सरळ सांगतो. तुला ते माहीत आहे, पण गावाला माहीत नाही.

आपली ओळख फेट्यांतून झाली. माझे वडील शिपाई होते, तुझे वडील रंगारी. आमच्या घरातला प्रत्येक फेटा तुमच्याच चुलाणावर रंगला. मोठेपणी मी पलटणीत गेलो, तू हौदाशी राहिलास. सुट्टीवर आलो की पहिल्यांदा कळंब्याच्या वाटेवरच्या तुझ्या माळावर यायचो, आणि तू रामराम-सलाम काही न करता ओल्या कापडाचं एक टोक माझ्या हातात द्यायचास. "धर. ताण. आता ठेव." तुमच्या माळावर दगड कमी आणि वारा फार. म्हणून तुम्ही लोक एक लांब कापड पसरायचा, त्याच्यावर दुसरं आडवं टाकायचा आणि दोन्ही जिथं एकमेकांवर येतात तिथं एकच दगड ठेवायचा. एका दगडात दोन कापडं. ही रीत तुझ्या बापाची, त्याच्या बापाची. मी ती शेकडो वेळा माझ्या हातानं केली आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं, असं वाचणाऱ्यांना सांगतो.

महायुद्धात आमची पलटण बसऱ्याकडं गेली. तिथं मी विमानं पाहिली आणि त्यांच्याशी बोलायला शिकलो. वरच्याला खालचं ऐकू येत नाही. म्हणून खालच्यानं जमिनीवर कापडाच्या पट्ट्या मांडायच्या. एक पट्टी म्हणजे एक निरोप, दोन शेजारी म्हणजे दुसरा, फुली म्हणजे तिसरा. वरचा वाचतो आणि लहानशा पिशवीत चिठ्ठी घालून खाली टाकतो. परत आल्यावर हे तुला सांगितलं तेव्हा तू हौद ढवळत होतास. मला वाटलं होतं तू थक्क होशील. तू विचारलंस, येवढ्या उंचीवरून त्यांना माणूस ओळखू येतो का? मी म्हटलं, माणूस कशाला ओळखायचा, पट्टी ओळखली की झालं. तू म्हणालास, मग पट्टीच्या जागी चुकून दुसरंच काही असलं तर? मी म्हटलं, तसं होत नाही. तू म्हणालास, तुझ्या पलटणीत होत नसंल. त्यावर आपण भांडलो. तू उगाच खुसपट काढतोस असं मी म्हणालो आणि तू मला पलटणीचा पोपट म्हणालास. ते भांडण तसंच राहिलं. पुढं ते मीच जिंकलो, कोर्टात, तुझ्याविरुद्ध.

पलटण सुटल्यावर मी इथल्या खात्यात जमादार झालो. दोन वर्षांनी ते विमान आलं. लढाईतून मोकळा झालेला एक तरुण गोरा ते घेऊन गावोगाव फिरत होता. आगगाडीतून सुटं करून आणलं आणि माळावर जोडलं. महाराजांच्या राज्यात नव्या गोष्टींचं कौतुक पहिल्यापासूनच, सगळं गाव लोटलं. बायकांनी चाकाला हळदकुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. बंदोबस्ताला मी होतो. तू गर्दीतून वाट काढत थेट पंखाशी गेलास, दोन बोटांत पंख चिमटलास आणि मोठ्यानं म्हणालास, "आरं केरबा, ह्ये तर कापडच की!"

सगळी गर्दी हसली. तुला वाटत होतं विमान लोखंडाचं असतं. मग तू रोगणाचा वास घेतलास, पंखाच्या खाली वाकून बघितलंस आणि रोगण सारखं बसलेलं नाही, दोन ठिकाणी डाग आहेत, असा निकाल दिलास. गोऱ्यानं मला विचारलं, हा काय म्हणतो. मी सांगितलं, तुमच्या यंत्राचं कौतुक करतो आहे. त्यानं तुझ्याशी हात मिळवला. तू त्याचा हातही उलटा करून बघितलास, रंगाचा डाग आहे का म्हणून. दस्तगीर, तुझी ती गंमत आठवली की मला वाटतं, त्या दिवशीच ते विमान जळून खाक झालं असतं तर.

आमच्या साहेबांनी विमान बघितलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की हे पोलिसांच्या कामाचं आहे. जत्रेची गर्दी वरून दिसेल. गुरं चोरून नेणारे डोंगरात शिरले तर त्यांची वाट दिसेल. तेव्हा एक फरारी कात्यायनीच्या डोंगरात दडलेला होता. त्यानं टपालाच्या हरकाऱ्याला लुटून जखमी केलं होतं आणि खातं दोन महिने त्याच्यामागं पायपीट करत होतं. साहेबांनी ठरवलं की तीन दिवस विमान वापरायचं. खाली आमच्या तीन तुकड्या डोंगराला वेढा देतील. जिला फरारी सापडेल ती जमिनीवर खूण मांडेल. वरून साहेब ती वाचतील आणि स्वारांच्या ठाण्यावर चिठ्ठी टाकतील. खुणा कुणाला येतात? केरबा जमादाराला. मग माझी छाती किती फुगली म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा साहेब मला "बसा" म्हणाले.

खुणा मी ठरवल्या. एक पट्टी म्हणजे काही नाही. दोन शेजारी म्हणजे माग लागला. फुली म्हणजे माणूस इथं आहे, स्वार पाठवा. पट्ट्या पांढऱ्या नकोत असं मीच म्हणालो, कारण परीट नदीकाठी आणि ओढ्याकाठी धोतरं वाळत घालतात, वरून घोटाळा होईल. साहेब खूश झाले. परटांचा विचार मला सुचला. रंगाऱ्याचा नाही सुचला. पट्ट्या गडद लाल रंगवायच्या ठरल्या, आणि त्या रंगवून घ्यायला मी तुझ्याकडेच आलो.

सहा पट्ट्या होत्या, नऊ-नऊ हात लांब. मंजिष्ठेचा पक्का लाल मागितला. कसल्या, कशाला, ते सगळं मी तुला फुशारकीनं सांगितलं. फुलीचा अर्थही सांगितला. तू चार दिल्यास आणि दोन ठेवून घेतल्यास. रंग कडेला फिका उतरला होता. मला तो फिका दिसतही नव्हता. मी म्हटलं, चालतंय, वरून कोण बघतंय कडा. तू चिडलास. म्हणालास, "सरकारचं काम हाय, आणि माझं बी हाय. आणखी एक बुडी देतो, परवा ने." मी बरं म्हटलं.

पहिल्या दिवशी चाचणी होती. साहेब म्हणाले, खुणा ज्याला येतात त्यानं एकदा वर जाऊन बघावं. मी वर गेलो. कान बंद झाले, डोळ्यांतून पाणी. मग विमान कळंब्यावरून वळलं आणि तळ्याच्या अलीकडं मला तुझा माळ दिसला. गुलाबी, पिवळ्या रेघा आणि फुल्या, पाटीवर कुणी गिरगोट्या मारल्यासारख्या. मला इतका आनंद झाला की मी हात हलवला. संध्याकाळी धावत तुझ्याकडं आलो आणि सांगितलं, तुझा माळ ओळखला. तू विचारलंस, "आणि मी? मी दिसलो का?"

मी म्हटलं, तू नाही, तुझी कापडं दिसली.

"मग झालं तर," एवढं म्हणून तू पुन्हा कामाला लागलास. तेव्हा मला कळायला हवं होतं. वरून तुझा माळ कसा दिसतो हे साऱ्या संस्थानात मला एकट्याला माहीत होतं. फुलीचा अर्थ मीच ठरवला होता. तुझ्याकडं दोन लाल पट्ट्या आहेत हेही मला माहीत होतं. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं आणि त्या माणसानं ते जुळवलं नाही. मूर्खपणाला शिक्षा नसते म्हणतात. मला इथं थांबता आलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी विचारलं, पट्ट्या सगळ्या तयार? त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं. दोन राहिल्या म्हटलं असतं तर का राहिल्या, कुणाकडं राहिल्या, सरकारी सामान रंगाऱ्याच्या घरी कसं, हे सगळं आलं असतं. तिसऱ्या तुकडीला साध्या तांबड्या लुगड्याचे दोन तुकडे फाडून देऊन मी वेळ मारून नेली होती. मी म्हणालो, "तयार, साहेब." दोन शब्द.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः वर गेले. मी स्वारांच्या ठाण्यावर होतो. ऊन चढलं तसं विमान दोनदा घिरट्या घालून आमच्यावर आलं आणि पिशवी टाकली. मी धावत जाऊन उचलली. चिठ्ठीत लिहिलं होतं : लाल फुली दिसली. तळ्याच्या अलीकडचा माळ, ओढ्याजवळ. ताबडतोब.

दस्तगीर, मला कळलं. त्याच क्षणी कळलं. आमची एकही तुकडी तळ्याच्या अलीकडं नव्हती. तो तुझा माळ, त्या तुझ्या दोन पट्ट्या, शेवटची बुडी देऊन वाळत घातलेल्या, एकावर एक आडव्या, मध्ये एक दगड. स्वार खोगिरं आवळत होते. तेवढा वेळ माझ्याजवळ होता. "थांबा, ते कापड वाळतंय," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की कालचं "तयार, साहेब" खोटं ठरणार होतं. मी मनाशी म्हटलं, जातील, बघतील, हसतील आणि परत येतील. तू त्यांना दोन शिव्या देशील. संध्याकाळी मी तुझ्याकडं येऊन माफी मागेन. मी ती चिठ्ठी स्वारांच्या नाईकाच्या हातात दिली आणि बोटानं दिशा दाखवली.

ते हसले नाहीत. दोन महिने डोंगरात उपाशीतापाशी फिरलेली माणसं होती. त्यांना वरून सांगितलं होतं की माणूस इथं आहे, आणि तिथं एकच माणूस होता. तू पट्ट्यांवर घोडी घालू नका म्हणून आडवा झालास, हे मला त्या नाईकानंच सांगितलं, हसत हसत. बंदुकीच्या दस्त्यानं तुझ्या बरगड्या मोडल्या, हौद फोडले. फरारी सापडत नाही म्हणून तुझ्या झोपडीचं छप्पर उपसलं. आणि खरा फरारी त्याच वेळी, सगळे घोडेस्वार तुझ्या माळावर असताना, मोकळ्या झालेल्या बाजूनं उतरून गडहिंग्लजच्या दिशेला निघून गेला. तो आजतागायत सापडला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याकडं आलो नाही. तू आमच्याच कोठडीत होतास, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मी दुसऱ्या दारानं घरी गेलो.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त संताप येतो ती सांगतो. चूक झाली, एका गरिबाला मार बसला, एवढ्यावर ते मिटलं असतं. पण विमानाची चूक होऊ शकते हे साहेबांना कबूल करायचं नव्हतं. दरबारात त्यांनी त्या यंत्राची इतकी तारीफ केली होती की एका रंगाऱ्याच्या वाळवणानं ते फसलं म्हटलं तर सगळ्या संस्थानात हसू झालं असतं. म्हणून ठरलं की विमान फसलं नाही, विमानाला फसवलं. रंगाऱ्यानं खुणेच्या पट्ट्या चोरल्या, अर्थ माहीत असल्यानं मुद्दाम फुली मांडली, स्वारांना आपल्याकडं ओढलं आणि फरार्‍याला वाट मोकळी करून दिली. कागदावर हे इतकं छान बसलं की वाचताना मलाही पटलं. पुढं साहेबांनी अहवालात लिहिलं की पोलिसांना विमान अत्यंत उपयोगी आहे, वरून पाहणाऱ्याला जमिनीवरच्या माणसाप्रमाणं लाच देता येत नाही की भीती घालता येत नाही. तो अहवाल मीच स्वच्छ अक्षरात उतरवून काढला.

या सगळ्याला एकच गोष्ट आड येत होती. पट्ट्या चोरल्या असं म्हणायला त्या आधी माझ्या ताब्यात असायला हव्या होत्या.

कोर्टात मला शपथ दिली. विचारलं, त्या दिवशी सकाळी सहाही पट्ट्या तुमच्या ताब्यात होत्या का? मी म्हणालो, "सहाच्या सहा होत्या." आरोपीला फुलीचा अर्थ माहीत होता का? होता, मीच गप्पांत सांगितला होता. कापडं कुठं, कशी वाळवायची हे तुम्ही सांगितलं होतं का? नाही, सांगितलं नव्हतं. शेवटची दोन उत्तरं खरी होती. पहिल्या उत्तरानं तू चोर झालास.

तुझा वकील नव्हता. न्यायाधीशांनी तुला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? तू आरोपीच्या पिंजऱ्यात बरगड्या धरून उभा होतास. तू माझ्याकडं बघितलंस. दस्तगीर, त्या घटकेला मी वाट बघत होतो. तू विचारशील, केरबा, दोन पट्ट्या मी ठेवून घेतल्या तेव्हा तू काय म्हणाला होतास? केरबा, आपण कापडं कशी वाळत घालतो? एक प्रश्न. तू विचारला असतास तर माझ्याच्यानं दुसऱ्यांदा खोटं बोलवलं नसतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.

तू म्हणालास, "न्हाय सरकार."

दीड वर्ष सक्तमजुरी. तुला बाहेर नेताना तू माझ्याजवळून गेलास. पुराव्याच्या टेबलावर त्या दोन पट्ट्या घडी करून ठेवल्या होत्या. तिकडं मान करून तू मला हळूच म्हणालास, "कडंला रंग बसला हुता बघ. बघितलास का?"

मी त्या पट्ट्या कधीही उघडून बघितल्या नाहीत.

त्यानंतर मी नृसिंहवाडीला गेलो. तीन दिवस राहिलो, संगमावर बुडी घेतली, पालखीच्या मागं चाललो. देवासमोर हात जोडले की तोंडात तुझं नाव यायचं आणि मी ते गिळून मुलाबाळांचं भलं मागायचो. देवालासुद्धा मी अर्धाच जबाब दिला. बायकोनं विचारलं, काय मागितलंत? म्हटलं, समाधान. त्या शब्दाचीही मला आता चीड येते.

तू तेरा महिन्यांत सुटलास, कारण तुरुंगात मरशील अशी त्यांना भीती होती. गावात एकानंही तुला फेटा रंगवायला दिला नाही. सरकारी कापड चोरणाऱ्याच्या हातात आपलं कापड कोण देणार? हलिमाभाभी लोकांच्या घरी धुणंभांडी करायला जायला लागली. एकदा, भर दुपारी, तू समोरून भिंतीला हात लावत येत होतास. मला बघितलंस आणि थांबलास. मी बोळात वळलो. वळताना मला वाटलं की तू हाक मारलीस. बहुतेक खोकला असेल.

आता तुझ्यावरचा राग. तेरा महिने आणि त्याच्या पुढचे पाच महिने मी एक गोष्ट उराशी धरून होतो. दस्तगीरनं मला वाचवलं. माझी नोकरी, माझी पोरं, माझी अब्रू राहावी म्हणून त्यानं काही विचारलं नाही. त्यासाठी मी तुझा मनातल्या मनात ऋणी होतो आणि त्याचसाठी तुझ्यावर जळफळत होतो. कुणी सांगितलं होतं तुला थोर व्हायला? तुला माझी दया करायचा काय अधिकार होता? असं मी रोज तुझ्याशी भांडायचो आणि रोज थोडा हलका व्हायचो.

तुझ्या मयताच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुझ्या घरी आलो. साध्या कपड्यांत आलो. अंगणात रंगाऱ्यांची दहा-बारा माणसं फुलं घेऊन बसली होती. मला बघून कुणी उठलं नाही की सरकलं नाही. मी उंबऱ्याशी उभा राहून भाभीला म्हणालो की दस्तगीरचे माझ्यावर उपकार आहेत, त्यानं मला वाचवलं.

 ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाहेर आली.

"कुणी सांगितलं तुमाला, भावजी? त्येनं न्हाय वाचवलं. त्येनं वाट बघितली. कोर्ट झाल्यापास्नं एकच म्हणायचं, केरबा आपणहून सांगंल, त्येला इचारायला कशाला लागतंय. तुरुंगात भेटायला गेलते तवा बी त्येच. घरात आल्यावर बी त्येच. दाराकडं तोंड करून निजायचं."

 ते तुझे उपकार नव्हते, दस्तगीर. तो तुझा विश्वास होता. त्या दिवसापर्यंत मी त्या विश्वासाला उपकार म्हणत होतो, कारण उपकार झाले की गोष्ट संपते. विश्वासाचं तसं नसतं, कुणीतरी दाराकडं तोंड करून निजलेलं असतं.

भाभी म्हणाली, "त्येनं इचारलं न्हाय. मी इचारते. ह्या सगळ्यांसमोर. त्या पट्ट्या त्येनं चोरल्या हुत्या व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो. "मीच ठेवल्या होत्या त्याच्याकडं. माळ त्याचा आहे, कापड वाळतंय, हे मला चिठ्ठी वाचतानाच कळलं होतं."

 कुणी शिव्या दिल्या नाहीत. शेवटी एक म्हातारा रंगारी उठला आणि म्हणाला, आमच्यासमोर बोलून काय उपयोग, जिथं खोटं बोललास तिथं जाऊन बोल. मी त्याच दिवशी कचेरीत गेलो. लेखी जबाब घेऊन गेलो. साहेब आता दुसरीकडं आहेत. जे आहेत त्यांनी वाचला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले की आरोपी मयत, प्रकरण बंद, तुमची नोकरीची दोन-तीन वर्षं राहिली आहेत, घरी जा. मी हटलो नाही. तेव्हा मला कामावरून दूर केलं. पण जबाब काही घेतला नाही. दाखल करून घेतला असता तर त्या अहवालावर कुणीतरी शाई फिरवायला लागली असती.

तो कागद घेऊन मी परत भाभीकडं गेलो. तिनं हातात धरला, उलटा की सुलटा तेही तिला कळत नव्हतं. म्हणाली, "मला वाचता येत न्हाय. ज्यास्नी येतंय त्येंच्यासाठी छापून आण." मी विचारलं, मला माफ करशील का? ती म्हणाली, आधी छापून आण. मग ती आत गेली.

म्हणून हे छापतो आहे, दस्तगीर. ज्याला शोकाचं काही वाचायचं होतं त्यानं माफ करावं, यात पुढं फक्त जबाब आहे.

मी, केरबा जमादार, खात्यातून दूर केलेला, शपथेवर सांगतो की लाल पट्ट्या दस्तगीर रंगाऱ्यानं चोरल्या नव्हत्या. सहापैकी दोन मी स्वतः त्याच्याकडं ठेवल्या होत्या, कारण त्याला त्यांचा रंग पुरता बसलेला वाटला नव्हता. त्यानं त्या एकावर एक आडव्या टाकल्या, कारण त्याच्या घरात कापड असंच वाळवतात. त्याला फरारी कोण हे माहीत नव्हतं. विमानातून जे दिसलं ते खरं होतं, त्याचा अर्थ खोटा होता. खरा अर्थ खाली उभ्या असलेल्या एका माणसाला माहीत होता. तो माणूस मी. स्वार निघायच्या आधी मला माहीत होतं, कोर्टात माहीत होतं, आणि रस्त्यात तू समोर आलास तेव्हाही माहीत होतं.